आईनं परत घेतलेले शब्द

"विचार ना हिला, तुमच्यात चोरीला किती शब्द आहेत. मतलब, खास तुमचे वाले," सर भर वर्गात मला म्हणाले.

ही म्हणजे माझी आई. विचारायचं मी, कारण वर्गात आमची बोली येणारी मी एकटीच. एम.ए.चं दुसरं वर्ष. फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बोली कशा नोंदवायच्या, याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. रेकॉर्डर माझ्या हातात होता.

सर माधव नगरातले, या हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी घराण्यातले. माझं मराठी किती शुद्ध आहे हे ते चारचौघांत सांगायचे, आणि मी फुगायचे. मूर्खच होते.

आई टोपल्या विणते. त्या दिवशी ती टावर चौकात विकायला बसली नाही. भैरवगढच्या छापाची नवी साडी नेसून आली. वेताची, विणीची नावं विचारतील असं तिला वाटलं होतं. वाटेत ती सगळी नावं बोटांवर मोजत आली.

शहरात काही हरवलं की पोलीस आधी आमच्या वस्तीत येतात. सरांना हे माहीत होतं. म्हणूनच तो प्रश्न.

आईला मराठी समजतं. तरी मी तो प्रश्न आमच्या बोलीत तिला विचारला. जसाच्या तसा. प्रश्नात आपलं काही घालायचं नाही, असं शिकवलेलं. आईनं सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला काहीच वाटलं नाही. आजही रडू येत नाही, आणि त्याचीच लाज वाटते.

"घाबरू नको म्हणावं," सर म्हणाले, "पोलीस नाहीये इथे."

वर्ग हसला.

मी रेकॉर्डर बंद केला. बोलणाऱ्याला कधीही थांबता येतं, दिलेलं सगळं परत घेता येतं, हे रेकॉर्डिंगआधी सांगायचं असतं. सरांनीच शिकवलं होतं. सकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, दिलेलं परत कोण देतं? आता मी तिला विचारलं, घ्यायचं का परत? तिनं हो म्हणून मान हलवली.

"यांनी संमती मागे घेतली आहे," मी सरांना म्हटलं. "आजची आणि आधीचीही."

आईचं वर्षभर रेकॉर्ड केलेलं बोलणं होतं ते. माझा प्रबंध त्यावरच उभा होता.

"डिग्री जाईल बेटा," सर हळूच म्हणाले. काळजी खरी असावी.

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर एकेक फाइल पुसली.

डिग्री गेली. आता मी वस्तीतच नोंदी करते. वहीवर पहिलं नाव आईचं, दुसरं माझं. कुठला शब्द बाहेर जाईल ते वस्तीतल्या बाया ठरवतात. सरांना आमची भाषा हवी असेल तर त्यांनी इथं यावं, जमिनीवर बसावं, आईला अहोजाहो करून विचारावं. आणि ती नाही म्हणाली, तर उठून चालू लागावं.