देवदत्तच्या दोन पेट्या

देवदत्त लिमये मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परत आला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. तो मात्र खुशीत होता. आंबा बागायतदारांच्या एका संघाचा मेल सर्व्हर सांभाळायचा, दुपारी घरी जाऊन आमटीभात खायचा आणि वर थोडं आडवं व्हायचं, एवढं सुख मुंबईत त्याला कोण देणार होतं?

या सुखाला नजर लागली ती मुंबईच्याच एका कंपनीची. सगळा मेल आमच्याकडे सोपवा, असं तिने संघाला कळवलं. संघाचे अध्यक्ष परशुरामभाऊ विचारी माणूस, म्हणजे कुठलीही गोष्ट पटकन न ठरवणारे. या हंगामात मेल एकदाही बंद पडला नाही तर काम देवदत्तकडे, नाहीतर कंपनीकडे, असं त्यांनी सांगून टाकलं. काम गेलं की पुन्हा मुंबईची वाट धरावी लागणार होती. ते टाळायला देवदत्त काहीही करायला तयार होता.

म्हणून त्याने डोकं लढवलं. एक सर्व्हर संघाच्या ऑफिसात आणि त्याची जुळी पेटी गुहागरला, लीलामावशीच्या माजघरात. रत्नागिरीत आलेला मेल लगेच गुहागरलाही उतरायचा. इथली पेटी बंद पडली तर तिथली काम चालू ठेवणार, तिथली पडली तर इथली. मावशीला त्याने हे नीट समजावलं होतं. तिने पेटीवर विणलेला रुमाल घातला. त्याने पेटी तापते म्हणून देवदत्त तो दर खेपेला काढायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी आभाळ भरून आलं आणि ढग गडगडले. इथल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप भिंतीकडे जातो. टीव्हीची, फ्रिजची, दिसेल ती पिन काढायची. देवदत्तने सर्व्हरची पिन काढली आणि निर्धास्त बसला. गुहागर होतं ना.

थोड्या वेळाने परशुरामभाऊंचा फोन आला. मेल जात नाही म्हणून दुबईचा व्यापारी ओरडत होता. देवदत्तने मावशीला फोन लावला.

"मेल्या, गडगडल्यावर पिन कोण ठेवतं?" मावशी म्हणाली. "मी कधीच काढल्ये. म्हटलं, तुझी आहेच की तिकडे चालू."

आभाळ निवळल्यावर दोन्ही पेट्या सुरू झाल्या. अडलेले मेल एकेक करून आले, हरवलं काहीच नाही. पण अट मोडली होती. देवदत्त मान खाली घालून परशुरामभाऊंकडे गेला आणि त्याने काही न लपवता सगळं सांगितलं.

भाऊ सुपारी कातरत म्हणाले, "त्या कंपनीवाल्याला मी विचारलं, गडगडलं की तुम्ही काय करता? आम्ही काही बंद करत नाही, असं सांगितलन्. असल्या माणसांच्या हाती संघ द्यायचा होय?"

काम राहिलं. फक्त यापुढे दोघांपैकी एकाची पिन लावलेली राहिलीच पाहिजे, कुणाची ते तुमचं तुम्ही ठरवा, असं भाऊंनी बजावलं.

पुढच्या खेपेला गडगडलं, तेव्हा देवदत्तने आधी गुहागरला फोन केला. "मावशी, तू काढ. माझी राहू दे," म्हणाला. मग पायाखाली लाकडी पाट घेतला आणि डोळे मिटून त्या चालू पेटीपाशी बसून राहिला. भीती वाटत होती, पण मुंबईपेक्षा कमी.