बिब्बा आणि रंभाआत्याचा हात

दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणारे आमच्या पौडात पैशाला पासरी. पण बिब्ब्यावरच पोट भरणारी एकटीच, माझी रंभाआत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भिवाजी वैद्यांच्या पडवीत ती औषधाचे बिब्बे शुद्ध करायची. टोपी छाटायची, विटेच्या भुकटीत घोळून घासायचे, गरम पाण्यानं धुवायचे. कच्च्या बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की टरारून फोड येतात, त्याला आमच्याकडं बिब्बा उतला म्हणतात. म्हणून शुद्ध केलेल्या बिब्ब्यांचं तेल वैद्य आधी आत्याच्या मनगटावर लावायचे. दोन दिवसांत फोड आला नाही, तर औषध पास.

ह्या हाताचा आत्याला केवढा तोरा! पाणवठ्यावर भांडण जुंपलं की म्हणायची, "माझ्या हातानं पास केल्याबिगर वैद्याची बाटली दाराभायेर जात न्हाई!" विधवा बाईला मान द्यायला गाव काही उतावीळ नसतं. तो तिला ह्या हातानं मिळवून दिला होता.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत शेजारच्या रिहे गावच्या रत्नाबाईनं गुडघेदुखीला तेल नेलं आणि तिचा गुडघा फोडांनी भरून गेला. गावानं निकाल लावला, पथ्य मोडलं. वैद्यही तेच बोलले, "आंबट खाल्लं असेल, उन्हात बसली असेल." वा रे वा! औषध बाधलं की दोष रोग्याचा, हे आपल्याकडं जुनंच. सासूनं तर तिला चोरून चिंच खाणारी ठरवलं आणि चुलीपाशी येऊ देईना.

आत्याला मीच बैलगाडीनं रिह्याला नेलं. रत्नाबाई शपथा घेऊन सांगत होती, कुणी ऐकत नव्हतं. आत्यानं फोड निरखून बघितले. घरी आल्यावर तिनं एक न घासलेला बिब्बा तापवून फोडला आणि त्याचं तेल मनगटावर ओढलं.

मी ओरडलोच, "आत्ये, याड लागलं का? हात सडंल की!"

"सडू दे. सडला तर लई बरं हुईल."

नाही सडला. दोन दिवस झाले, नुसता काळा डाग. तिच्या हातातून बिब्बा काढून घेताना माझ्या बोटाला तेल लागलं होतं, तिथं मात्र हा टपोरा फोड! वर्षानुवर्षं तेल लागून आत्याचा हात निबर झाला होता. पोटचं पोर गेल्यासारखी रडली बिचारी.

वैद्यांना सांगितलं, तर ते दार लोटून म्हणाले, "रंभाबाई, झालं ते झालं. पुढचं तेल मी माझ्या हातावर लावून बघेन. तुमचं काम चालू राहील. गावात मात्र बोलू नका."

"आन रत्नाचं काय?"

"गुडघा भरून येईल तिचा."

"गुडघा भरंल, वैद्यबुवा. तोंडाला काळं लागलंय त्ये कोन पुसनार?"

लगेच मला गाडी जुंपायला लावली. रिह्याला सासूच्या देखत तिनं रत्नाबाईच्या गुडघ्यावर ओलं खोबरं वाटून लावलं आणि म्हणाली, "तू पथ्य मोडलं न्हाईस, बाई. त्याल कच्चं हुतं. माझ्या हाताला कळलं न्हाई. माझा हात मेलाय."

रत्नाबाई हमसून हमसून रडायला लागली. सासू मात्र आत्याकडं टक लावून बघत राहिली.

"मंग माणच्या सगुणेला म्हागल्या साली वैद्याच्याच तेलानं बिब्बा उतला," ती सावकाश म्हणाली, "पथ्य मोडलं म्हनून नवऱ्यानं हाकलली तिला. तिनं बी मोडलं नव्हतं व्हय?"

हे आत्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रत्नाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो बाजूला सारून आत्या उठली.

"बैलं सोडू नगंस," मला म्हणाली. "भूगावला जायाचंय, सगुणेच्या म्हायेरी."