सुपडूनानांचे दात

लग्नाच्या पंगतीत सुपडूनाना आपला पापड गुपचूप शेजाऱ्याच्या ताटात सरकवायचे. पेरू, ऊस, फुटाणे यांच्या तर ते वाऱ्यालाही उभे राहत नसत. कोणी फारच आग्रह केला की वरच्या दातांवर नखानं टकटक करत अहिराणीत म्हणायचे, "या दात नही भाऊ, या मना मालक शेतस!" म्हणजे दात मालक आणि नाना त्यांचे नोकर.

ऐंशीच्या दशकात धुळ्याचे हे नाना आमच्या जळगावच्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचे आणि मी गायची. दिवसा मी शाळेत शिकवत असे, पण नाना मला बाई न म्हणता 'माय' म्हणत. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं, म्हणून दातांचे हे लाड.

वाजवायला त्यांना भुसावळच्या रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांनी शिकवलं होतं. साहेब घरी अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी लावत. त्या गाण्याला 'सोल', म्हणजे आत्मा, म्हणतात, एवढंच इंग्रजी नानांच्या पदरी पडलं. "शब्द नही समजतस, पन मानूस रडी ऱ्हायना हाई समजस," ते सांगत. मग आमच्या हिंदी गाण्यांत दोन कडव्यांमधली जागा मिळाली की नाना तिथे ते रडणं हळूच घुसवायचे. रावेरकडच्या लग्नांत नाचायला उतरलेली पोरं वैतागायची, म्हाताऱ्या मात्र डोळ्यांना पदर लावायच्या.

पन्नाशी उलटली आणि हिरड्यांनी दगा दिला. वरचे दात एकेक करत गेले. कवळी बसवली, पण फुंकलं की ती हलायची आणि सुराऐवजी नुसती हवा निघायची. नाना तालमीला येईनासे झाले. मी धुळ्याला त्यांच्या घरी गेले, तर सॅक्सोफोन गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकलेला.

"आते मी सरनू, माय. दुसरा मानूस देखी ल्या."

मला रागच आला. म्हटलं, "एकदा या. नाही वाजलं तर मीच तुम्हाला धुळ्याच्या गाडीत बसवून देईन, पुन्हा बोलावणार नाही."

आले. भर कार्यक्रमात त्यांची जागा आली आणि कवळी निसटली. सूर तुटला. नानांनी लोकांकडे पाठ केली, कवळी काढून खिशात टाकली, वरचा ओठ बोडक्या हिरडीवर दुमडला आणि फुंकर मारली. आधी काहीतरी चिरकलं. मग लांबलचक, थरथरता सूर निघाला, दात असतानाच्या सुरापेक्षाही मऊ. माझा जीव भांड्यात पडला आणि पुढची ओळ मी साफ विसरले.

पुढे कित्येक वर्षं ते असेच वाजवत राहिले, कवळी फक्त जेवायपुरती. पण त्या संध्याकाळी त्यांना हे कुठे ठाऊक होतं? स्वतःच्या कानांवर त्यांचा विश्वासच बसेना. वाद्य तोंडातून काढून, बोळकं तसंच उघडं ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वाजी ऱ्हायनं ना, माय?"

"वाजतंय, नाना, वाजतंय!" मी ओरडले. हातात माईक आहे याचंही मला भान नव्हतं.