द्राक्षासवातले खडे

निजामी अमलात मी तहसिलीत कारकून होतो आणि डोक्यावर रूमी टोपी चढली की मला जगातलं सगळंच कळायचं. वालूरच्या बाजारात एक वैद्य द्राक्षासव विकायचे. प्रत्येक बाटली उपरण्यानं पुसून दोन्ही हातांनी द्यायचे. ऐन थंडीत बायकोसाठी एक घेतली, तर तळाशी चकाकणारे कण. मी भर बाजारात ओरडलो, "ह्यात काच आहे." गिऱ्हाईकं मागे सरली. त्या माणसाचा धंदा तिथंच बसायची वेळ आली.

वैद्य चिडले नाहीत. बाटली उपडी करून खडे तळहातावर घेतले, दोन स्वतः चावले, उरलेले माझ्यापुढं धरले. "चाखा, सरकार. काच आंबट लागत न्हाई."

खडा खरंच आंबट होता.

"मनुक्यातलाच आंबटपणा हाय. गारठ्यात जमून खाली बसतो. अपाय काही न्हाई."

मी निसटायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते लोकांकडं वळले. "पण चूक माझीच. माठ काही रात्री उघड्यावर ठेवायचा, खडे बसले की आसव गाळायचं. औंदा मी घाई केली." आणि निर्दोष ठरलेल्या सगळ्या बाटल्या त्यांनी पेटीत परत भरल्या.

पुढच्या बाजाराला आसव नितळ होतं आणि गिऱ्हाईकं अडून बसलेली, "खड्यांचंच द्या, त्यात सत्त्व लय." माझ्या आरडाओरड्यानं खड्यांची एवढी कीर्ती झाली होती.

"वैद्यबुवा, मागायलेत तर द्या की," मी म्हणालो.

"खडेच पाहिजेत," ते शांतपणे म्हणाले, "तर पलीकडं खडीसाखर मिळायलीय."