मीठ घातलेला बर्फ

मे महिना, २००७. सकाळी नऊलाच गोडदेव वस्तीचे पत्रे तापलेले. नाथा प्रसूतिगृहाच्या दारात खोका घेऊन उभा. उत्तनला अर्धं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलं, पाठ धरली तशी बोट सुटली. आता सिल्व्हर पार्कच्या एका लॅबसाठी तो नमुने आणायचा.

आजचा नमुना म्हणजे शेवंतीच्या बाळाची नाळ. शेवंती त्याच्याच गावची, त्याला मामा म्हणायची. नाळ माडाखाली पुरायची, ही तिच्या घरची रीत. नाथानेच तिला वळवलं होतं. "अगो, मातीत घालण्यापेक्षा कामाला येल. त्यातनं मूळपेशी काढतात, शिकतात त्यावर." मामाचा शब्द म्हणून ती तयार झाली.

रात्रभर वीज नव्हती, लॅबच्या थंड पिशव्या कोमट झालेल्या. नाथाने बाजारातून बर्फ आणला, ठेचला, नाळेच्या बरणीभोवती भरला आणि हाताच्या सवयीने वर मीठ घातलं. मासळी अशीच टिकते. कागदांवर सह्या होईस्तोवर बारा वाजले.

"काका, नाळ आणलीत की सरंगा मासा?" लॅबच्या रसिका मॅडम हसल्या. मग बरणी वाजवून पाहिली. आत नाळ गोठून दगड झालेली.

तरी त्यांनी नाळ वितळू दिली, बारीक चिरली, औषधात घालून पेशी सुट्या केल्या, गाळल्या, रंग घातला. फ्लो सायटोमीटर या पेशी मोजायच्या यंत्रातून पेशी एकेक करून उजेडासमोरून गेल्या. पडद्यावर प्रत्येकीचा एक ठिपका.

"मेलेली पेशी हा रंग पिते," त्या म्हणाल्या. "बघा, सगळे ठिपके इकडेच."

"जित्या किती?"

"शंभरात चार. एवढ्यावर काही होणार नाही."

"तुमी पन गोठवताच की!"

"औषध घालून, हळूहळू. मिठानं बर्फ आणखी गार होतो, त्यात नाळ गोठली. नुसतं पाणी गोठलं की पेशी फुटते, काका." मग कागद पुढे ओढून त्या म्हणाल्या, "नमुना खराब एवढंच लिहिते. कारण राहू दे."

"न्हाय. मीठ नाथानं घातलं, असं लिवा."

मग त्याने गॅलरीतून शेवंतीला फोन लावला. सगळं सांगितलं, बर्फ, मीठ, शंभरातले चार ठिपके. पलीकडे बाळ रडत होतं.

"मग परत तरी आन, मामा. आमी पुरतो."

"चिरली गो ती. उरली न्हाय."

शेवंती म्हणाली, "बाळाला घेते," आणि फोन ठेवला.

नाथा आत आला. सिंकमध्ये नाळेच्या कामाची काचेची भांडी साचली होती. त्याने हातमोजे चढवले, नळ सोडला आणि एकेक भांडं विसळायला घेतलं.