भरणीवर मारलेलं पाणी

शौकत मुकादम मूळचा हर्णैचा, हाडाचा गवंडी. सौदीत जुबैलच्या बाजूला वाळूत एक जुनं चर्च सापडलं, तेव्हा डागडुजीला कफीलनं, म्हणजे तिथल्या अरब मालकानं, त्याला धाडलं. बायझंटाइन सम्राटांच्या काळातलं ते चर्च. मधे उघडा चौक, पूर्वेला ओळीनं तीन खोल्या आणि दारांशेजारी गिलाव्यात दाबून काढलेले क्रूस. शौकत पाच वेळचा नमाजी, त्याला चर्चशी काय घेणंदेणं? पण एका क्रुसाच्या कडेला कुणा कारागिराचा अंगठा उमटला होता. दीड हजार वर्षांपूर्वीचा तो थापी धरणारा माणूस शौकतला आपल्या भावकीतला वाटू लागला.

इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि सर्व्हेयर गुरुनाथ साहेब हुकूम घेऊन आले. भिंती परत वाळूत पुरायच्या, म्हणजे रणगाडे आले तरी शाबूत राहतील. कोकणात पावसाआधी मातीच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात, तशी शौकतनं खजुराची झापं लावली, वाळू भरली आणि भरणी बसावी म्हणून सवयीनं पाण्याचा अख्खा टँकर तिच्यावर रिकामा केला. हर्णैत जोत्याची भरणी पाण्याशिवाय करतं कोण?

पुढे मुक्काम अल-खोबरला हलला. तिथे गुरुनाथ सहज बोलून गेले, की तो गिलावा चुन्याचा नव्हे, जिप्समचा आहे. पाणी मुरलं की गळून पडतो. शौकतला भरणीवर रिकामा केलेला टँकर आठवला.

जानेवारीत भोंगे वाजू लागले. सगळे मास्क चढवून दारं-खिडक्या बंद करून बसायचे. बाकीचे क्षेपणास्त्रांना घाबरत, आणि हा बाबा आपल्या टँकरला. हर्णैहून बायको सकिना फोनवर रडली, तर यानं तिला बॉम्बचं सोडून भिंतीचंच सांगितलं. साहेबांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

लढाई संपल्यावर मार्चमध्ये शौकत आणि गुरुनाथ चर्चपाशी परतले. जळत्या तेलविहिरींच्या धुरानं आभाळ काळवंडलं होतं. शौकतनं फावडं बाजूला टाकून हातांनीच वाळू उपसली. पायथ्याशी वीतभर गिलावा गळाला होता, पण बाकीचं पाणी वाळूनं केव्हाच खाली ओढून नेलं होतं. वर सगळं कोरडं होतं. क्रूस होता, अंगठाही होता. शौकत तिथेच फतकल मारून बसला आणि मनसोक्त रडला. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

गुरुनाथ वही घेऊन पायथ्याशी वाकले. खाऱ्या हवेनं गळाला असणार, असं म्हणत लिहायलाही लागले. शौकत गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

"हवेनं नाही, साहेब," तो म्हणाला. "भरणीवर पाणी मी मारलेलं. तसंच लिहा. उद्या पुन्हा लढाई झाली नि दुसरा कोणी गवंडी आला, तर त्यानं मारू नये."

गुरुनाथांनी लिहिलेली ओळ खोडली. रागावतील असं शौकतला वाटत होतं.

"शौकतभाई," ते म्हणाले, "एवढे महिने हे एकट्यानंच उराशी घेऊन बसलात?"