गाडी किती देते

सयाजीचा पाय हलका होता, म्हणजे एक्सिलरेटरवरचा. एरवी माणूस आडदांड. कोल्हापुरात मोटारी विकणाऱ्या एका दुकानात तो ड्रायव्हर होता. नवी गाडी आली, की ती गॅलनला किती मैल देते तो आकडा काढायचं काम त्याचं.

काढायची तऱ्हाही ऐकण्यासारखी. इंजिनाला पेट्रोलची मोजलेली बाटली जोडायची, स्टेपनी काढून ठेवायची, चाकं टणक फुगवायची आणि शिरोळच्या सपाट रस्त्यानं एकट्यानं सुटायचं. उतार लागला की इंजिन बंद. बाटली संपेतो जेवढी धाव होईल तिचा हिशेब मालक दारावरच्या पाटीवर रंगवायचा. आकडा खोटा नव्हता. फक्त तशी गाडी जगात दुसरं कुणी चालवत नाही, हे पाटीवर कुणी लिहीत नव्हतं.

सयाजीचे दाजी हंबीरराव शाहूवाडीकडचे. त्यांनी पाटी वाचूनच गाडी घेतली आणि आकडा घरचा म्हणून गावभर मिरवला.

आषाढात सयाजीची बहीण झुंबरबाई बाळंतपणात अडली. हंबीररावांनी टाकीत काठी घालून पेट्रोल पाहिलं, मेव्हण्याचा आकडा लावला. कोल्हापूरचा दवाखाना गाठून वर उरत होतं. गाडीत पाच माणसं, वर पाऊस, खाली चिखल, चढाला पहिला गिअर. पन्हाळ्याच्या फाट्याअलीकडे गाडी आचके देऊन थांबली. पुढं बैलगाडी केली, पण झुंबरबाई वाटेतच गेली. पोटातलं मूलही गेलं.

आधीच निरोप मिळाल्यानं दवाखान्याच्या पायरीवर सयाजी वाट पाहत उभा होता. हंबीरराव त्याला एवढंच म्हणाले, "पावणं, तुमचाच आकडा धरून निघालतो की."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तेरावं झालं आणि दुकानात नवी गाडी आली. सयाजीनं पाच माणसं बसवून शाहूवाडीच्या रस्त्यानं बाटली संपवली. आकडा जेमतेम निम्मा भरला. असल्या आकड्यावर गाडी कोण घेणार, म्हणत मालकानं दुसरा हलक्या पायाचा ड्रायव्हर पाहिला. त्या मेल्या मालकाचं काय बिघडलं होतं?

भाऊबीजेला सयाजी सवयीनं शाहूवाडीला गेला. ओवाळायला कुणी नव्हतं. अंगणातल्या गाडीत कोंबड्या बसल्या होत्या. तिच्याकडं बघून तो हंबीररावांना म्हणाला, "दाजी, तो आकडा काढताना गाडीत मी एकटाच होतो."